प्रॉक्सी आणि टिश्यूचं पाकीट

शनिवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सकाळ. सिंगापूर, बेडोकच्या कॉलेजची जुनी इमारत, कॅन्टीनसमोरची मोकळी जागा.

हजर: मी, विद्या. रोस्नाह, जिला आमच्या वर्गात सगळे काक रोस म्हणत. काक म्हणजे मलय भाषेत ताई. ग्रेस टॅन, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतली. मिलिंद, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. आणि मिस्टर टिओ, आमचे सर, आता निवृत्त.

गैरहजर: आमच्या चौघांतलं कोणी नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमचा वर्ग चालू असताना असं क्वचितच घडलं.

कॉलेज ही इमारत सोडून पलीकडच्या नव्या इमारतीत जाणार आहे. कुलपं लागण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांना एकदा बघून जा म्हणून बोलावलं होतं. आम्ही गेलो, फिरलो, कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो, परत आलो. एवढंच झालं. पण नोव्हेंबर होता, परीक्षेचे दिवस होते, आणि कॅन्टीनच्या टेबलांवर दिवसाच्या बॅचची मुलं नोट्स पसरून बसली होती. त्यांना पाहिल्यावर बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या एका परीक्षेचा नोव्हेंबर डोक्यातून जाईना. त्या वेळी काक रोसला पेपरला बसू देणार की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नव्हतं, आणि तिला तो पेपर द्यायलाच हवा होता.

परीक्षा म्हटलं की माझ्या अंगात अजून एप्रिल येतो. गरम फरशी, पंख्याखाली फडफडणारे कागद, घामानं बोटांना चिकटणारं पेन, बाहेर कोकिळा. सिंगापूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी शरीराला हे पटत नाही की परीक्षा नोव्हेंबरात असते, दुपारी तीनला आभाळ काळं होऊन कोसळतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं. कोकिळा तेवढी इथेही आहे. पण ती ऋतू वगैरे काही पाळत नाही. बारा महिने ओरडते, तेही पहाटे पाचपासून, आणि लोक तिच्याविरुद्ध टाउन कौन्सिलकडे तक्रारी करतात.

कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे. शाळा संपल्यावर ज्यांना हाताशी काम देणारं शिक्षण हवं त्यांच्यासाठी ही उपनगरातली कॉलेजं आहेत. दिवसा सोळा-सतरा वर्षांची मुलं, गळ्यात कार्डं, पायात पांढरे बूट, कोणी गिटार घेऊन, कोणी ड्रॅगन बोटीच्या सरावावरून ओलं. संध्याकाळी सहा वाजले की ती मुलं एमआरटीकडे, म्हणजे मेट्रोकडे, निघत आणि उलट दिशेनं आम्ही येत असू: कामावरून थेट, डब्याच्या पिशव्या घेऊन, पायांना दिवसभराचे बूट चावत असलेले. फूटपाथवर दोन्ही रांगा समोरासमोर येत. मुलं बाजूला होऊन वाट देत, कारण आम्ही त्यांना लेक्चरर वाटत असू. वर्गात गेल्यावर खऱ्या लेक्चररपुढे आमचीही तीच मुलं होत.

कोर्स लॉजिस्टिक्सचा होता. माल कुठे ठेवायचा, कसा हलवायचा, वेळेत कसा पोचवायचा. मी बी.कॉम. होऊन नवऱ्याबरोबर इथे आले, एका मालवाहतुकीच्या ऑफिसात चिकटले, आणि थोड्याच दिवसांत कळलं की इथला कागद हातात नसेल तर मी कायम फोन उचलणारीच राहणार. ग्रेसला बँकेनं पाठवलं होतं. निर्यातीची कागदपत्रं तिच्या टेबलावरून जात. मिलिंद गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहीत असे. गोदाम त्यानं आयुष्यात आतून पाहिलेलं नव्हतं आणि याची त्याला अजिबात लाज नव्हती. "विद्याताई, विमानाचं तिकीट विकणाऱ्याला विमान उडवता यायला लागतं का?" असं तो म्हणे.

गोदामात खरोखर काम करणारी आमच्यात एकटी काक रोस होती. तुआसला, अगदी बंदराजवळ, जहाजांच्या सुट्या भागांच्या गोदामात. पाळ्या फिरत्या. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. कंपनीत देखरेखीची एक जागा व्हायची होती, कायमची दिवसपाळी, आणि अट एकच, डिप्लोमा. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना विचारलं, हा कोर्स का करताय? कोणी करिअर म्हणालं, कोणी अपग्रेड म्हणालं. काक रोस म्हणाली, "सर, मला रात्री झोपायचंय. माणसांसारखं."

वर्ग हसला. ती हसली नाही.

तुआस सिंगापूर बेटाच्या पश्चिम टोकाला आणि आमचं कॉलेज पूर्वेला. सकाळपाळी संपवून ती घरी न जाता थेट गाडीत बसे आणि मेट्रोची जवळजवळ सगळी हिरवी लाइन ओलांडून वर्गात येई. रात्रपाळीच्या आठवड्यात वर्ग करून पुन्हा तेवढंच उलटं जाई, कामावर. दुपारपाळीच्या आठवड्यात येणं शक्यच नसे. हजेरी ठरावीक मर्यादेखाली गेली की पेपरला बसता येत नाही, असा कॉलेजचा नियम. त्यामुळे तिची हजेरी कायम काठावर. वर्गात सगळ्यांच्या तारखा सांभाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं, असली कामं माझ्याकडेच येतात. ऑक्टोबरात मी तिला सांगितलं, "काक, आता एकही चुकवायचा नाही." मिलिंद शेजारीच बसला होता. त्यानं ते ऐकलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

शनिवारी आम्ही आधी आमच्या वर्गातच गेलो. गालिचा निघालेला होता आणि खाली सिमेंटमध्ये बोटभर खोल भोकं दिसत होती, ओळीनं. "लेथ मशीनचे बोल्ट," मिस्टर टिओ म्हणाले. ते स्वतः याच इमारतीत शिकले, तेव्हा इथे वर्कशॉप होतं. त्याआधी नारळाची झाडं, कोंबड्या आणि पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी. मग फ्लॅटच्या इमारती उठल्या, कारखाने आले, कारखान्यांना फिटर हवे होते म्हणून हे कॉलेज. मुलगे लेथवर, मुली शिलाई मशीनवर किंवा रेडिओ जोडायला. पुढे लेथ गेली, टाइपरायटर आले. टाइपरायटर गेले, कंप्यूटर आले. मग आमचं लॉजिस्टिक्स. आता नव्या इमारतीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकवणारा मोठा विभाग असणार आहे.

"म्हणजे देशाला त्या त्या वेळी काय कमी पडत होतं ते या खोलीवरून कळतं," मी म्हणाले.

"हो," सर म्हणाले, "आता नर्स. मला योग्य वेळी लागतील."

आमचं टेबल का डुगडुगायचं ते मात्र त्या दिवशी समजलं. त्याचा एक पाय कायम लेथच्या भोकावर असे. ग्रेस घडी केलेला कागद सरकवून देई आणि दर वर्गाला तो सफाईवाल्यांच्या झाडूबरोबर जाई.

दाराशेजारचं हजेरीचं यंत्र काढून नेलेलं होतं. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा राहिला होता. मिलिंद त्याच्यासमोर थांबला नाही.

आता प्रॉक्सीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हणजे मराठी वाचणाऱ्यांना कळेल, ग्रेसला आजतागायत कळलेलं नाही. पुण्यात आमच्या बी.कॉम.च्या वर्गात सर रोल नंबर पुकारत आणि वर्गातली एक मुलगी तीन मैत्रिणींची हजेरी तीन निरनिराळ्या आवाजांत देई. चौथीची खोकून. सरांना ठाऊक असे. सरांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक असे. एखाद्या दिवशी ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "आज सर्दी झालीय वाटतं सगळ्यांना." बस. जो मैत्रिणीची प्रॉक्सी लावत नाही तो कसला मित्र, असा सगळा हिशेब होता. त्यात कोणाचं काही जातंय असं वाटतच नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी काक रोस आपलं हजेरीचं कार्ड वर्गात विसरून गेली. मिलिंदनं ते उचललं, पुढच्या वेळी द्यायला. पुढच्या वर्गाच्या दिवशी तिला अचानक कोणाच्या तरी बदली दुपारपाळी करावी लागली. येत नाही, असा मेसेज तिनं आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकला. मिलिंदनं दारात आपलं कार्ड यंत्राला लावलं, टिंग झालं. मग दुसऱ्या खिशातून तिचं काढून लावलं. पुन्हा टिंग. मी त्याच्या चार माणसं मागे होते. मला दोनदा टिंग ऐकू आलं, पण दारात गर्दी होती.

मिस्टर टिओ त्या दिवशी प्रश्न विचारत होते. पडद्यावर हजर असलेल्यांची नावं. तुआसच्या बंदरातून कंटेनर उतरला की पहिल्यांदा काय तपासतात, असा काहीतरी प्रश्न होता, आणि सर सहज म्हणाले, "हे रोस्नाहला विचारू या. रोस्नाह?"

सरांनी पडद्यावरच्या नावांकडे पाहिलं.

"रोस्नाह आहे. कार्ड लागलंय."

तेव्हा मिलिंद म्हणाला, "सर, टॉयलेटला गेली असेल."

हे वाक्य पुण्यात म्हटलं असतं तर तास पुढे सरकला असता. सर म्हणाले, "ओके. वेट करू." आणि खरंच थांबले. मार्कर खाली ठेवला, खुर्चीत बसले, हात मांडीवर घेतले. सगळा वर्ग बसून राहिला. एसीचा आवाज. मागच्या बाकावर कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडत होतं, त्यानं तो अर्धा फोडलेला तसाच धरून ठेवला. ग्रेसनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मिलिंदकडे पाहिलं, आणि तिला कळलं ते मला तिच्या मानेवरून कळलं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी सर उठले, म्हणाले, "आपण पुढे जाऊ," आणि तास पुरा केला. जाताना त्यांनी एक ओळ सांगितली: माणूस नसताना कार्ड लागलं की कार्ड ज्याचं त्याची परीक्षा थांबते, चौकशी होईपर्यंत. तो नियम आहे, मी कळवणार आहे.

परीक्षा मिलिंदची नाही. कार्ड ज्याचं त्याची.

वर्ग सुटल्यावर कॅन्टीनमध्ये ग्रेस मिलिंदवर जी सुटली ती ऐकण्यासारखी होती. ती साधारण शांत बाई. कपडे नीट, डबा नीट, बोलणं नीट. "मिलिंद, युवर ब्रेन वेअर? घरी ठेवून आलास? तिनं सांगितलं होतं का तुला?"

"नाही गं. पण तिची हजेरी काठावर होती. मदत म्हणून केलं."

"मदत? ही कसली मदत? तुमच्या कॉलेजात असं चालतं मे?" इथले लोक वाक्याच्या शेवटी असे 'मे', 'लाह' जोडतात.

"चालतं म्हणजे... सगळे करतात. विद्याताई, सांगा ना हिला."

मी म्हणाले, "चालतं." काय सांगणार होते?

मिलिंद इकडेतिकडे बघू लागला आणि त्याला समोरच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं. सिंगापूरची ही रीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकावी लागते. जेवण आणायला जाताना रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं की ती जागा तुमची. कितीही गर्दी असो, कोणी तिथे बसत नाही. त्या पाकिटाला एका माणसाचा मान.

"हे बघ," मिलिंद म्हणाला, "तिथे कोणी बसलंय का? नाही. तरी तुम्ही सगळे मानता की बसलंय. टिश्यूनं प्रॉक्सी लावलेली चालते आणि मी लावलेली चालत नाही?"

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं.

ग्रेस हसली नाही. ती म्हणाली, "पाकीट ठेवणारा परत येतो, मिलिंद. म्हणून चालतं. रोस येणार नव्हती."

यावर काय म्हणता येईल ते मी त्यानंतर बरंच शोधलं आहे. इथे राहून इतक्या वर्षांनी मला या देशाबद्दल जे थोडंफार उमगलं आहे त्यातलं निम्मं त्या वाक्यात आहे. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस नाही, आणि सगळे मिळून तो आहे असं धरून चालतात. इथे वस्तू सांगते की माणूस आहे, आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. दोन्हीकडे विश्वासच आहे. पण तो एकमेकांच्या घरी नेऊन वापरता येत नाही.

काक रोसला आम्ही दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. ती पुढच्या वर्गाला आली, नेहमीसारखी उशिरा, डोक्यावरचा तुडुंग, म्हणजे रुमाल, सरळ करत, आणि तिनं पहिल्यांदा मिलिंदसमोर हात पसरला. "माझं कार्ड." त्यानं दिलं. मग ती त्याच्याशेजारी बसली.

"तू मला इथे बसवलंस," ती म्हणाली, "आणि मी तिकडे खोकी लावत होते. एका वेळी दोन ठिकाणी. तिकडचा पगार मिळाला. इकडचा कोण देणार, तू?"

"काक, सॉरी. खरंच सॉरी."

"सॉरी कॉलेजला सांग. मला विचारलं तर मी म्हणणार, कार्ड मित्राकडे राहिलं, मी काही सांगितलं नव्हतं. कुठला मित्र ते मी सांगणार नाही. तुझं तू बघ लाह."

आणि तिनं डबा उघडून आम्हाला कांद्याचे भजीसारखे वडे वाटले. मिलिंदलाही. त्यानं घेतला आणि हातात धरून बसला.

त्याची अडचण मला माहीत होती. त्यानं आणि त्याच्या बायकोनं पीआरसाठी अर्ज टाकलेला होता. कायम राहण्याचा परवाना. अशा वेळी माणूस रस्ता ओलांडतानासुद्धा दोनदा बघतो. कॉलेजच्या चौकशीत नाव आलं तर ते कुठपर्यंत जातं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं जास्त मोठं दिसतं. स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो म्हणाला, "विद्याताई, समजा तिनं नाव सांगितलं नाही आणि मीही गप्प राहिलो, तर?"

"तर ती पेपरला बसणार नाही."

"पुढच्या वेळी बसेल ना?"

"जागा पुढच्या वेळेपर्यंत थांबणार आहे का तिची?"

त्याच्या दिशेची गाडी आली, तरी तो चढला नाही. दुसरी आली तेव्हा चढला.

दोन दिवसांनी तो सुटी टाकून दुपारीच कॉलेजात गेला आणि सांगून आला. मला हे ग्रेसकडून कळलं. तिला तो कॅन्टीनमध्ये एकटा बसलेला दिसला, समोर प्राटा, म्हणजे इथला पराठा, तसाच. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. दोघं काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ग्रेस त्याला नोट्स देऊ लागली. त्याआधी ती कोणालाच देत नसे.

निकाल असा लागला: काक रोसला परीक्षेला बसायची परवानगी, कंपनीकडून पाळ्यांचं पत्र आणायच्या अटीवर. मिलिंदला त्या पेपरला बसायला मनाई, पुढच्या परीक्षेपर्यंत. पीआरच्या अर्जाला यातलं काही लागलं नाही, तो आपल्या गतीनं काही महिन्यांनी मंजूर झाला. पण हे मला आज माहीत आहे. तो कॉलेजात गेला तेव्हा त्याला माहीत नव्हतं.

परीक्षा स्पोर्ट्स हॉलमध्ये होती. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडलेली, एसी असा की बोटं वाकेनात. काक रोस रात्रपाळी करून आली होती. त्या आठवड्यात तिला दुसरी पाळी मिळालीच नाही. ती माझ्या पुढच्या रांगेत. मला तिची पाठ दिसत होती. पाठ हलत होती तोवर मला काळजी नव्हती. मध्येच ती थांबली, मान किंचित झुकली, आणि मी माझा प्रश्न अर्धा सोडून तिच्या पाठीकडे बघत बसले. मग तिनं स्वतःच्या हाताला चिमटा काढला. मला चिमटा काढलेला दिसला. पुन्हा पाठ हलू लागली.

हॉलबाहेर मिलिंद उभा होता. त्याला आत यायचं नव्हतं, पेपर नव्हता, तरी तो आला होता. हातात कोपीचे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कप, इथे असेच देतात, दोरीनं लटकवून. काक रोस बाहेर आली, तिनं एक घेतला, भिंतीला टेकून प्यायली, आणि पिता पिता उभ्या उभ्या झोपली. आम्ही तिघं तिच्यासमोर आडवे उभे राहिलो, जाणाऱ्यांचा धक्का लागू नये म्हणून. बाहेर नोव्हेंबरचा तीन वाजताचा पाऊस पडत होता.

ती पास झाली. फार बरे गुण नव्हते. जागा मिळाली, दिवसपाळी मिळाली. मिलिंद पुढच्या मोसमात पास झाला, आणि त्या दिवशी आम्ही तिघी बाहेर कोपी घेऊन उभ्या होतो.

शनिवारी मी काक रोसला विचारलं, झोप लागते का आता? ती म्हणाली, "आता रात्री झोपते. पण तीन वाजता डोळे उघडतात. या शरीराला कोणी डिप्लोमा दिला नाही." मग म्हणाली, "पण अंथरुणात असते. तेवढं पुरे."

कॅन्टीनमधला एकच स्टॉल चालू होता. मिस्टर टिओ आम्हाला कोपी घ्यायला लावून बसले. बोलता बोलता मिलिंदनंच तो विषय काढला. आता त्याचे केस कानावर पांढरे झालेत आणि तो स्वतःच्या ऑफिसात नव्या पोरांची हजेरी बघतो. "सर, त्या दिवशी तुम्ही काकची इतका वेळ वाट का बघितलीत? ती नाही हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"लगेच कळलं होतं," सर म्हणाले.

"मग?"

"मी रोस्नाहची वाट बघत नव्हतो."

मिलिंदनं कप खाली ठेवला. ग्रेसनं माझ्याकडे पाहिलं. सर आरामात पुढे म्हणाले, "ज्यानं कार्ड लावलं तो उठून उभा राहिला असता तर तेवढ्यावरच मिटवायचं मी ठरवलं होतं. मग वाटलं, पोरगा घाबरला असेल, चार दिवस देऊ. तू चार दिवसांत आलास. ओके लाह."

मुलं शेजारच्या टेबलांवर मोठ्यानं व्याख्या पाठ करत होती. एक मुलगी तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती आणि तिचा मित्र तिला तेवढ्याच वेळा "आगेन" म्हणत होता. कॉलेज हलतंय, लेथची भोकं उघडी पडली आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचा पेपर सोमवारी होता.

निघताना सवयीप्रमाणे पुढच्या भेटीचं ठरवणं सुरू झालं. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांवर, ग्रेस म्हणाली. किंवा माझ्याकडे, मी म्हणाले, वरण-भात करते. काक रोस ऐकून घेत होती. मग म्हणाली, "या वेळी माझ्याकडे या. गोदामात. डिसेंबरात एका शनिवारी आम्ही पाहुणे बोलावतो. मी दाखवते, मग आमच्या कॅन्टीनमध्ये जेवू."

"तुआस?" ग्रेस म्हणाली. "सो फार!"

"तुआस लांब पडतं हो काक," मिलिंद म्हणाला, "जाऊन येऊन सगळा दिवस जाईल."

"शनिवार मोडेल," मीही म्हणाले असणार. म्हणाले.

काक रोसनं आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं, आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली, की पाठ करणारी मुलं मागे वळून बघू लागली. आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. मिस्टर टिओंना आधी कळलं. ते कपात बघत राहिले.

या सगळ्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही तिच्या बाजूला गेलेलं नाही. गोदामांची सॉफ्टवेअरं लिहिणारा मिलिंदसुद्धा नाही. भेटी ठरल्या की त्या पूर्वेला ठरत, कारण तिघं पूर्वेला राहतो. काक रोस येई. ती येते हे आम्ही धरूनच चाललो होतो.

"आम्ही येऊ," मी म्हणाले.

"बंदराजवळचा भाग आहे, गेटपास लागतो," काक रोस डोळे पुसत म्हणाली. "मला तिघांची पूर्ण नावं पाठवा, ओळखपत्रावर आहेत तशी. बुधवारपर्यंत. विद्या, तू गोळा कर, तू करतेस ना सगळं."

ग्रेसला मी रविवारी मेसेज केला. तिच्या मुलाची शनिवारची ट्यूशन हलवता येते का ते ती बघते आहे. मिलिंद म्हणाला, "नक्की ताई, फक्त तारीख कळू दे." माझ्या नवऱ्याच्या ऑफिसचं जेवण त्याच शनिवारी येण्याची शक्यता आहे, ते मी अजून विचारलेलं नाही.

आज गुरुवार आहे. नावं पाठवायची राहिली आहेत.